क्रियापदातले लिंग

सॉफ्टवेअरच्या इंग्रजी दस्तऐवजांत लिंगनिरपेक्षतेचा प्रश्न मुख्यतः सर्वनामाचा असतो. नोड.जेएसला आधार देणाऱ्या लिबयूव्ही प्रकल्पात २०१३ मध्ये वापरकर्त्यासाठीचे पुल्लिंगी सर्वनाम बदलण्याची सूचना किरकोळ ठरवून नाकारली गेली. त्यावरून मोठा वाद झाला आणि अखेर बदल स्वीकारला गेला. मराठीत सर्वनाम बदलून भागत नाही, कारण इथे क्रियापदही लिंग दाखवते.

अनुवादकापुढे येते ते सुटे वाक्य: अमुक गटात आला. ‘अमुक’च्या जागी कोणाचेही नाव बसणार असते. ‘आला’ लिहिले तर प्रत्येक बाई पुरुष ठरते, ‘आला/आली’ वाचताना अडखळायला होते, आणि आदरार्थीही ‘आले’ व ‘आल्या’ वेगळेच. इथे कर्मणी प्रयोग कामी येतो. ‘अमुक यांनी गटात प्रवेश केला’, ‘अमुक यांनी गट सोडला’ या वाक्यांत क्रियापद ‘प्रवेश’ आणि ‘गट’ यांच्यामागे जाते. करणारी व्यक्ती कोणीही असो. सुट्या ‘यांनी’चा आणखी एक मोठा उपयोग आहे. ‘राम’चे ‘रामाने’ होते, पण ‘सीमा’चे ‘सीमाने’. हे सामान्यरूप प्रोग्रामला ठाऊक नसते. ‘यांनी’मुळे नाव जसेच्या तसे राहते. लहान मुलांच्या खेळात मात्र हा आदर अवघडलेला वाटतो. तिथे ‘आता पाळी: अमुक’ बरे.

मात्र सगळीच सकर्मक क्रियापदे कर्माच्या मागे जाण्याचा हा नियम पाळत नाहीत. ‘शिकणे’, ‘विसरणे’ यांचा कर्ता ‘ने’ घेत नाही, म्हणून ‘अमुक नवा धडा शिकला’ऐवजी ‘अमुक यांचा नवा धडा पूर्ण झाला’ लिहावे लागते. ‘तुम्ही’ सोपे: ‘पासवर्ड विसरलात?’ सर्वांना चालते. ‘मी’ कठीण. पण ‘मी मान्य करतो’पेक्षा ‘मला मान्य आहे’ हे बोलण्यातही अधिक सहज आहे.

विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत एकाच संदेशाची पुरुष, स्त्री आणि लिंग न सांगितलेली व्यक्ती अशी तीन रूपे देता येतात. ही सोय मोलाची आहे, पण तिसऱ्या रूपासाठी लिंग न दाखवणारी रचना शोधावीच लागते. ती सापडली की बहुतेकदा पहिल्या दोन रूपांची गरजच उरत नाही, आणि कोणाला आपले लिंग जाहीर करायला लावावे लागत नाही. अशी रचना करता यावी म्हणून प्रोग्रामरने वाक्य अखंड द्यायला हवे. नाव एका तुकड्यात आणि क्रियापद दुसऱ्यात ठेवले, तर अनुवादकाला यातले काहीच करता येत नाही.