संगीत कंपनीकडे जाण्यापूर्वी श्रोते जोडा, हक्कही लेखी जपा

ओरत्तनाडु (तंजावर) : तंजावरच्या दक्षिणेला असलेल्या ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ अन्नछत्र दुसरे सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळाची साक्ष देते. याच राजांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या संगीतज्ञ बंधूंना आश्रय लाभला. राजाश्रय ओसरल्यानंतर ध्वनिमुद्रिकांचे युग आले आणि कावेरी खोऱ्यातील नागस्वरवादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांचा तोडी राग तबकड्यांवरून दूरवर पोहोचला. आज या परिसरातील होतकरू कलावंतांना संधीसाठी चेन्नई-मुंबईच्या संगीत कंपन्यांकडे पाहावे लागते.

पूर्वी नमुना ध्वनिफीत पाठवून उत्तराची वाट पाहिली जाई. आता वितरण सेवेमार्फत कोणालाही आपले गीत यूट्यूब, स्पॉटिफायसारख्या मंचांवर आणता येते. त्यामुळे कलावंताने स्वबळावर किती श्रोते जोडले, हे कंपन्या आधी पाहतात. केवळ एकूण संख्या पुरेशी ठरत नाही. गीत शेवटपर्यंत ऐकले जाते का आणि श्रोते पुन्हा परततात का, यालाही महत्त्व असते. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ हे मराठी गीत चित्रपटाच्या आधाराविना देशभर गाजले, ते समाजमाध्यमांवरील छोट्या चित्रफितींमुळे.

कंपनीशी संपर्क साधताना आपल्या प्रकारचे संगीत ती प्रसिद्ध करते का, हे आधी पाहावे. दोन-तीन उत्तम ध्वनिमुद्रणे, प्रत्यक्ष मैफलीची चित्रफीत आणि थोडक्यात परिचय एवढे पुरेसे असते.

याहून महत्त्वाचा भाग हक्कांचा आहे. प्रत्येक गीतात शब्द, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतंत्र असतात. गीतकार, संगीतकार, गायक आणि वादक यांच्यातील वाटणी लेखी नसेल, तर वादाच्या शक्यतेमुळे कंपनी मागे हटू शकते. शेजारच्या तिरुवैयारूचे संतकवी त्यागराज १८४७ मध्ये निवर्तले. त्यांच्या कृती कोणीही गाऊ शकतो. मात्र त्यांचे दुसऱ्याने केलेले ध्वनिमुद्रण परवानगीविना वापरता येत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. करारात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार ध्वनिमुद्रणात समाविष्ट रचनेच्या रॉयल्टीतील समान वाट्यावर गीतकार-संगीतकारांना पाणी सोडता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. गीतकार-संगीतकारांसाठी ‘आयपीआरएस’, तर गायकांसाठी ‘इसाम्रा’ (पूर्वीची ‘इसरा’) या संस्था रॉयल्टी वसूल करतात.

लोकप्रियता आणि मोबदला नेहमीच एकत्र येत नाहीत, हे ‘एंजॉय एंजामी’ने दाखवून दिले. धी आणि अरिवू यांनी गायिलेले हे तमिळ गीत मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर ऐकले गेले. तरीही त्याचे उत्पन्न कलावंतांपर्यंत पोहोचले नसल्याचा जाहीर दावा संगीतकार संतोष नारायणन यांनी मार्च २०२४ मध्ये केला.

त्यामुळे कंपनीकडून प्रस्ताव आल्यास मुदत, प्रदेश, उत्पन्नातील वाटा आणि हिशेब पाहण्याचा अधिकार या चार बाबी वकिलाकडून तपासून घेतल्यानंतरच स्वाक्षरी करणे हिताचे ठरते.