न्यूज सर्व्हरचे नियम : शेवटची अनाउन्समेंट खरी!

डोंबिवलीला लोकल आधी एका प्लॅटफॉर्मवर येणार म्हणतात, मग दुसऱ्याच. आपण पळतो कुठे? शेवटची अनाउन्समेंट झाली तिकडे! न्यूजग्रुपच्या नियमांचंही तसंच आहे.

न्यूजग्रुप म्हणजे यूजनेटवरचे विषयवार चर्चेचे कट्टे. मराठी मंडळींसाठीही ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ असा ग्रुप निघाला. कॅशिंग न्यूज सर्व्हर सगळे लेख आधीच आणून साठवत नाही. कुणी मागितला की लेख बाहेरून आणतो, प्रत ठेवतो आणि पुढच्याला तीच देतो. लाईन वाचते. पण ‘ऑल्ट.बायनरीज’मध्ये मोठ्या फाइली तुकडे करून टाकतात. दोघा-तिघांनी त्या ओढल्या की अख्ख्या होस्टेलची लाईन बसली! म्हणून नियम लागतात.

नियमात तीन गोष्टी ठरतात : कुठलं मशीन, कुठले ग्रुप, आणि नुसतं वाचायचं की लिहायचंही.

ग्रुपची नावं ‘वाइल्डमॅट’ पद्धतीने लिहितात. तारा म्हणजे काहीही, उद्गारचिन्ह म्हणजे ‘हे नको’, मध्ये स्वल्पविराम. २००६ च्या एनएनटीपी मानकानुसार (आरएफसी ३९७७) जुळणाऱ्यांपैकी सगळ्यात उजवीकडचा तुकडा निर्णय देतो. उदाहरणार्थ (फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत) :

*,!ऑल्ट.*

म्हणजे ‘ऑल्ट’ सोडून सगळं. हेच उलटं ‘!ऑल्ट.*,*’ लिहिलंत तर शेवटचा तारा सगळ्यालाच जुळतो आणि बंदी गेली उडत!

पण सरसकट ‘ऑल्ट’ बंद केलं तर असेम्ब्लीवाल्यांचा ‘ऑल्ट.लँग.एएसएम’ही जातो. सुक्याबरोबर ओलंही जळतं. मग शेवटी तो जोडा :

*,!ऑल्ट.*,ऑल्ट.लँग.एएसएम

त्यापेक्षा ‘*,!ऑल्ट.बायनरीज.*’ एवढंच पुरत असेल तर फारच उत्तम. जिथे दुखतं तिथेच मलम लावावं.

अजून एक पळवाट आहे. लेख ग्रुपमध्ये न शिरता थेट मेसेज-आयडी देऊनही मागता येतो. स्टाफसाठी आणलेली प्रत कॅशमध्ये पडलेली असते. सर्व्हरने देताना परवानगी तपासली नाही तर ती कुणालाही मिळते. तेव्हा नुसती ग्रुपची यादी बघून खूश होऊ नका. होस्टेलच्या मशीनवरून बंद ग्रुपमधला लेख आयडीने मागून बघा.

आणि नियम नोटीस बोर्डावर लावा. काय बंद आहे आणि का, हे कळलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. एखादा अभ्यासाचा ग्रुप चुकून अडकला असेल तर तो सोडवायला कुणाकडे जायचं, तेही खाली लिहा.