दाखवायचे दात

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असे आपण म्हणतो. माणसाचे दात मात्र दोन्ही कामांना एकच. ते कोणी, कोणाच्या परवानगीने दाखवावेत, हा प्रश्न गेल्या वर्षी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, आमच्याच घरात उभा राहिला.

आजीने एका दवाखान्यात कवळी बसवून घेतली. काही दिवसांनी शेजारच्या काकूंनी मोबाईल पुढे केला. त्यात ‘उपचारापूर्वी’ आणि ‘उपचारानंतर’ अशी आजीच्या चेहऱ्याची दोन छायाचित्रे होती. डोळ्यांवर काळी पट्टी होती. पण हनुवटीवरचे गोंदण कसे लपणार? “मेल्यानं माझं बोळकं साऱ्या वसाहतीला दाखवलं!” असे म्हणून आजी हसली खरी, पण नंतर कितीतरी दिवस ती दुपारची ओट्यावर बसली नाही.

माझी मावसबहीण दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला विचारले तेव्हा समजले, की छायाचित्र घेण्यात गैर काहीच नाही. दात सरळ करताना, कवळीचा रंग जुळवताना ते लागतेच. मात्र केसपेपरला जोडलेले छायाचित्र हा उपचाराचा भाग असतो. तेच इन्स्टाग्रामवर गेले की जाहिरात होते. उपचाराला दिलेली संमती ही प्रदर्शनाची संमती नव्हे. विद्यार्थ्यांना पहिल्यांदा शिकवायचा तो हा फरक.

नियम आहेतच. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करू नये, असे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत म्हटले आहे. दंतवैद्यांच्या २०१४ च्या सुधारित आचारसंहितेने जाहिरातीने रुग्ण ओढणे अनैतिक ठरविले. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तर ठाऊकच असेल, की २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

परंतु नियम पाठ करून सवय लागत नाही. ती रुग्णाच्या खुर्चीपाशीच लावावी लागते. छायाचित्र कशासाठी, ते कोण पाहणार, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे. ‘नाही’ म्हटल्याने उपचारात फरक पडणार नाही, हेही सांगावे. नुसत्या छायाचित्रावरून कोणाला औषध सुचवू नये.

मग या माध्यमांपासून दूरच राहावे काय? मुळीच नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी तंबाखूचे व्यसन सुटलेले नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे कितीजणींना माहीत असते? भावी दंतवैद्याने दोन मिनिटांत, सोप्या मराठीत एवढे समजावले, तरी केवढे काम होईल! त्यासाठी कोणाचे तोंड उघडून दाखवावे लागत नाही.

आम्ही सांगताच डॉक्टरांनी ते छायाचित्र काढून टाकले. तोवर ते किती मोबाईलमध्ये उतरले होते, हे त्यांनाही सांगता आले नाही. आजीला आधी विचारले असते, तर कदाचित ती ‘हो’सुद्धा म्हणाली असती. पण तिला कोणी विचारलेच नाही.