अंगाची ऊब, रेशमाचा धागा आणि वीज

विश्रांत माणसाचे शरीर सुमारे 100 वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असते, आणि तिचा अल्पसा अंश जरी विजेत बदलता आला, तरी नाडी किंवा ताप मोजणारे अंगावरचे छोटे उपकरण बॅटरीविना चालू शकेल. पदार्थाची एक बाजू उष्ण व दुसरी थंड असली की त्यात विद्युतदाब निर्माण होतो. 1821 मध्ये थॉमस सीबेक यांना आढळलेला हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

यासाठी वीज वाहून नेणारा, पण उष्णता अडवणारा पदार्थ लागतो. बिस्मथ टेल्युराइड हे संयुग ही अट बऱ्यापैकी पाळते, मात्र ते ठिसूळ असते. उलट बहुवारिके, म्हणजे पॉलिमर, मऊ असून उष्णता अडवतात, परंतु बहुतेक वीजही अडवतात. 1977 मध्ये वाहक बहुवारिकांचा शोध लागला आणि 2000 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यालाच मिळाले. अशा बहुवारिकात कार्बनच्या नॅनोनलिका मिसळून केलेल्या संमिश्रात नलिकांचे जाळे विजेला वाट देते, तर नलिका जेथे एकमेकींना टेकतात ते सांधे उष्णतेला अडसर ठरतात.

स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठात 2017 मध्ये रेशमाचे सूत वाहक बहुवारिकाने रंगवून धुता येण्याजोगे उष्णताविद्युत वस्त्र तयार झाले. ते रेशीम तुतीचे होते. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी परिसरात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांच्या कोशांपासून निघणारे टसर, म्हणजेच कोसा, त्याहून जाडसर असल्याने त्याच्यावर हा रंग किती बसतो हे तपासण्यासारखे आहे. अशा रंगाचा सीबेक गुणांक दर अंशाला साधारण 15 मायक्रोव्होल्ट धरला, तर 5 अंशांच्या फरकावर 1 व्होल्ट मिळवण्यासाठी तेरा हजारांहून अधिक धागे एकापुढे एक जोडावे लागतील. म्हणून गुणांक वाढवणे हेच संमिश्रांच्या सुधारणेचे मुख्य काम ठरते.

आरमोरीचे हवामान या कामाला आणखी एक अट घालते. हिवाळ्याच्या पहाटे त्वचा व हवा यांत वीसेक अंशांचा फरक असू शकतो, पण मे महिन्याच्या दुपारी हवाच त्वचेहून उष्ण होऊन प्रवाहाची दिशा उलटते, आणि दोहोंचे तापमान सारखे होते त्या वेळी वीज मिळतच नाही. त्यामुळे येथे उपयोगी पडणाऱ्या वस्त्राला दोन्ही दिशांचा प्रवाह स्वीकारणारे मंडल आणि मधल्या काळासाठी वीज साठवणारा लहानसा संचय या दोन्हींची जोड द्यावी लागेल.