'कडक' पास, 'नवीन' नापास

दर शनिवारी मी वडोदऱ्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवायला जातो. पहिल्या तासाला सोपं काम दिलं: एखादा शब्द सुलटा आणि उलटा वाचला तरी सारखाच राहतो का, हे सांगणारा प्रोग्राम लिहा. दहा मिनिटांत सगळे तयार. इंग्रजीतला 'मॅडम' टाकला, उत्तर बरोबर. एकाने 'कडक' टाकला, तेही बरोबर. "सर, थई गयुं!"

मी 'नवीन' टाकायला सांगितलं. प्रोग्राम म्हणाला, नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमचा शब्दच चुकीचा आहे."

आपण 'न-वी-न' अशी तीन अक्षरं वाचतो. युनिकोडमध्ये मात्र 'व' आणि त्याची वेलांटी यांना वेगवेगळे क्रमांक असतात, म्हणून संगणक चार तुकडे मोजतो. शब्द उलटा केला की वेलांटी 'व'ला सोडून 'न'ला चिकटते आणि 'नीवन' तयार होतं. 'कडक'मध्ये काना-मात्रा नाही, म्हणून तो निसटला. गुजरातीतही हेच होतं.

त्या मुलावर मी रागावलो नाही, कारण पहिल्या नोकरीत मीही तेच म्हणालो होतो. पावत्या छापायच्या प्रोग्राममध्ये मी नावाला वीस जागा ठेवल्या होत्या. एका आजींचं आडनाव अर्ध्यात तुटून छापलं गेलं. 'क्षिती' ही दोन अक्षरंसुद्धा संगणकाला सहा तुकडे वाटतात, हे मला माहीतच नव्हतं. "त्यांचं नावच फार लांब आहे," असं मी सांगून टाकलं. आजी अर्धं नाव घेऊन घरी गेल्या.

मोठमोठ्यांचंही असं होतं. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसएक सेकंदांत नष्ट झालं. त्यातला एक प्रोग्राम एरियन-४ वरून जसाच्या तसा घेतला होता. जुन्या रॉकेटवर तो नीट चाले. नव्या रॉकेटचा वेग जास्त. एक आकडा ठरलेल्या जागेत मावेना. नव्या मार्गाचे आकडे घालून तो आधी तपासलाच नव्हता.

महाराज सयाजीरावांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन सुरू केलं. तिथे कापड रंगवायलाही शिकवत. रंग पक्का आहे का, हे कापड धुतल्यावरच कळतं. टेस्टिंग म्हणजे तेच धुणं.

आता मी पद्धत बदलली आहे. प्रोग्राम चालला याला निम्मेच गुण. उरलेले शेजाऱ्याचा प्रोग्राम मोडून दाखवला तर. मुलं रिकामा शब्द टाकतात, एकच अक्षर टाकतात, मधे जागा सोडतात. गेल्या शनिवारी मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने चाचण्यांची यादी आणली. पहिल्या ओळीत त्याच्या आजीचं पूर्ण नाव होतं, जोडाक्षरांसकट.

तुमच्या घरी कुणी प्रोग्रामिंग शिकत असेल, तर "चाललं का?" एवढंच विचारू नका. "कुणाच्या नावाने तपासलंस?" हेही विचारा.