लग्न करून आलेली स्त्रीही स्थलांतरितच

भिवंडीच्या निजामपुऱ्यात ‘बाहेरून आलेला’ म्हटले की यंत्रमाग चालवणारा उत्तर भारतीय पुरुष आठवतो. मुरबाडहून लग्न होऊन आलेली सून कोणी त्यात मोजत नाही. जनगणना मात्र मोजते. आधीचे राहण्याचे गाव वेगळे असेल, तर ती व्यक्ती स्थलांतरित.

म्हणूनच २०११च्या जनगणनेतील सुमारे ४५ कोटी स्थलांतरितांत दोन तृतीयांशांहून अधिक स्त्रिया आहेत. बहुतेकींचे कारण ‘विवाह’ नोंदले गेले.

त्यावरून स्त्रिया कामासाठी गाव सोडतच नाहीत, असा समज होतो. तो चुकीचा आहे. शाळेच्या दाखल्यावर शाळा सोडल्याचे एकच कारण लिहितात, तशीच ही नोंद. बाकीची कारणे तिच्यात मावत नाहीत. सासरी येऊन घरी कांड्या भरणाऱ्या (मागासाठी सूत गुंडाळणाऱ्या) बाईच्या नावापुढेही ‘विवाह’च राहतो.

पुरुषाचे एकट्याने येणेसुद्धा घरच्या कामाच्या वाटणीवर उभे असते. गावी बायको शेत, मुले, म्हातारी माणसे सांभाळते. इथे भिशीत (महिन्याच्या पैशांवर चालणाऱ्या खाणावळीत) बहुधा दुसऱ्याच घरची बाई त्याच्यासाठी रांधते. त्याचे कारण तेवढे ‘रोजगार’ म्हणून नोंदले जाते.