विषच लावतं टिचबटण!

खरचटलेल्या गुडघ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलेलं पाहिलंय कधी? फस्सकन पांढरा फेस येतो! आपल्या रक्तात कॅटलेज नावाचं एक प्रथिन असतं. ते पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. फेस दिसतो तो त्या ऑक्सिजनचा.

पेरॉक्साइड असं फोडायलाच हवं, कारण पेशींसाठी ते विष आहे. पेशीतल्या लोहाशी त्याची गाठ पडली, की असे उपद्व्यापी रेणू तयार होतात की ते थेट डीएनएच तोडायला लागतात. आणि हे विष काही फक्त बाटलीतच नसतं बरं का! ऑक्सिजन वापरणाऱ्या पेशींत ते थोडंथोडं तयार होतच राहतं. शिवाय आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला ते मुद्दाम बनवतात.

मग जंतू काय करतात? गप्प बसून मरतात? छे!

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचंच बघा. हा एवढा चिमुकला, की एका मिलिमीटरच्या रेषेवर पाचेकशे जण सहज मावतील. त्याच्याकडे सुमारे ४,३०० जनुकं आहेत, म्हणजे निरनिराळी प्रथिनं बनवायच्या सूचना. त्यात कॅटलेजचीही सूचना आहे. पण सगळी प्रथिनं सदासर्वदा भरपूर बनवत बसला, तर वाढायला ताकद कुठून उरणार? म्हणून विष वाढलं की जास्तीचं कॅटलेज बनवायचं, एरवी बेताचं.

पण विष वाढलंय हे त्याला कळतं कसं? डोळे नाहीत, नाक नाही, मेंदू तर नाहीच!

१९८५ साली अमेरिकेत बर्कले इथं ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेत ई. कोलायच्या भावकीतल्या साल्मोनेलावर प्रयोग झाले. आधी थोडंसं पेरॉक्साइड दिलेले जिवाणू नंतर दिलेल्या जबर मात्रेतही तगले. थोड्याशा विषानं त्यांनी भराभर नवी प्रथिनं बनवून तयारी केली होती! त्या तयारीतला मोठा भाग एकाच प्रथिनाच्या हाती होता. त्याचं नाव ऑक्सीआर. ज्या जिवाणूंमध्ये ऑक्सीआर नव्हतं, ते थोड्या विषानंही हैराण झाले.

ऑक्सीआर करतं काय? ३०५ अमिनो आम्लं जोडून बनलेलं हे प्रथिन डीएनएला चिकटून असतं. त्यातल्या १९९व्या आणि २०८व्या जागेवर गंधकाचा एकेक अणू आहे. एरवी हे दोन अणू एकमेकांपासून लांब असतात. पेरॉक्साइड आलं, की त्याच्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे ते एकमेकांना जोडले जातात, फ्रॉकच्या टिचबटणाचे दोन भाग टिच् करून बसावेत तसे! त्यासरशी ऑक्सीआरचा आकार बदलतो आणि जनुकं कामाला लागतात. म्हणजे धोक्याची खबर द्यायला दुसरं कुणी लागतच नाही. मारायला आलेलं विष स्वतःच बटण लावतं!

मग काय, कॅटलेज भराभर तयार होतं. डीपीएस नावाचं प्रथिन लोह आपल्या पोटात कोंडून ठेवतं आणि डीएनएलाही कवेत घेतं. लोह हाती लागलं नाही, तर पेरॉक्साइड डीएनए तोडणार कसं?

पण विष संपल्यावर बटण उघडायला नको? ते काम करतं ग्लुटारेडॉक्सिन नावाचं प्रथिन. त्याचं जनुक कोण जागं करतं, ओळखा पाहू! चक्क ऑक्सीआरच! लढाई सुरू करतानाच ती थांबवणाऱ्यालाही ते बोलावून घेतं. विष असेतो बटण पुन्हापुन्हा लागत राहतं. विष संपलं, की लावणारं कुणी उरत नाही आणि ग्लुटारेडॉक्सिन ते उघडून टाकतं.

आता एक कोडं तुमच्यासाठी. ज्यांचं बटण कायमचं लागलेलं राहिलं, असे साल्मोनेलाही शास्त्रज्ञांना सापडले. विषाला ते सहजासहजी डगमगत नाहीत. तरीही सगळे जिवाणू बटण कायमचं लावून का बरं ठेवत नसतील? उत्तर याच लेखात दडलंय, शोधा बघू!